वर्षभर फक्त कोकणातली पुस्तकं: वाचायला कोण कोण येतंय?

खाडीकाठची
मंडळी, जानेवारीपासून एक वाचन-आव्हान सुरू करायचं मनात आहे. महिन्याला एक पुस्तक, वर्षात बारा. अट एकच: पुस्तक कोकणात घडलेलं हवं, नाहीतर कोकणच्या माणसाने लिहिलेलं हवं. वाचून झालं की याच धाग्यावर परीक्षण टाकायचं. "सुंदर, जरूर वाचा" एवढ्यावर सुटका नाही, चांगलं घसघशीत लिहायचं.

मी दाभोळची. आमच्या एकट्या दापोली तालुक्यात बघा: पालगडला साने गुरुजी जन्मले, मुर्डीला श्री. ना. पेंडसे, आणि धोंडो केशव कर्वे मुरूडला लहानाचे मोठे झाले. तरी घरोघरी 'श्यामची आई' सापडते आणि त्यापुढे थेट स्पर्धा परीक्षांची पुस्तकं. मला याचं खरंच वाईट वाटतं. आपल्या पायाखालची वाट कुणीतरी लिहून ठेवली आहे आणि आपल्याला पत्ताच नाही.

दोन गोष्टींवर तुमचं मत हवंय. यादी कशी ठरवायची? आणि परीक्षणात नेमकं काय यायला हवं?

हापूस_नि_पायरी
+१. मी आहे. फक्त एप्रिल-मे जरा सांभाळून घ्या. पेट्या भरायचं काम चालू असतं तेव्हा रात्री पान उलटायच्या आत डोळा लागतो. त्या दोन महिन्यांत बारकी पुस्तकं ठेवा.

चाकरमानी_दादर
आणि गणपतीचा महिना? तेव्हा आम्ही आरत्यांचं पुस्तकसुद्धा उघडत नाही, सगळ्या पाठ आहेत. :)
नाव नोंदवा माझं.

उलटा_वारा
मी विरोध नोंदवतो. पुस्तकं अशी मोजून वाचायची नसतात. बारा म्हटलं की माणूस पातळ पुस्तकं शोधायला लागतो. वर बघा, सुरुवात झालीच. पेंडशांचं 'तुंबाडचे खोत' म्हणजे दोन जाड खंड, खोतांच्या चार पिढ्या. ते एक धरणार की दोन? घाईघाईने संपवलं तर त्यातली जगबुडी नदी दिसणार कुणाला?

दुसरं, फक्त कोकणातलंच का? आपण आपल्याबद्दलच वाचत बसलो तर त्याला वाचन म्हणावं की आरसा बघणं?

खाडीकाठची
उलटा_वारा, आकडा शिस्तीपुरता. 'तुंबाडचे खोत'ला दोन महिने देऊ, त्यात काही बिघडत नाही. आरशाचं मात्र मला पटलं नाही. आरशात आपण आपल्याला आवडेल तेवढंच बघतो. या पुस्तकांतून जे दिसतं ते पुष्कळदा आवडण्यासारखं नसतं.

शिरोड्याचो
माझा नाव घ्या. पण माका एक सांगा, वि. स. खांडेकर चलतले काय? जल्म सांगलीचो, पण १९२० ते १९३८ शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते. सुरवातीचा लिखाण बरचसा हयलाच. आमी तेंका आमचेच म्हणतो.

कृष्णाकाठी_माहेर
अहो, जन्म सांगलीचा, पुढचं आयुष्य कोल्हापुरात, १९७४ चं ज्ञानपीठ 'ययाति'ला. मधली अठरा वर्षं तुमची, बाकीचे आमचे. भांडायला मी तयार आहे. :)

खाडीकाठची
खांडेकर चालतील. शिरोड्यात असताना लिहिलेलं मात्र घ्यायचं. ताई, तुम्हीही या, सासर कोकणातलं आहे ना!

सातवं_कपाट
मी चिपळूणला, वाचनालयाच्या कामात हातभार लावते. आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय त्याहून जुनं, १८२८ चं. सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ चं. म्हणजे रेल्वे यायच्या कितीतरी आधी या किनाऱ्यावर लोक पुस्तकं घरी नेत होते. म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की विकत घ्यायच्या आधी आपापल्या वाचनालयात जा. वर्गणी भरा. कपाटात पडून राहिलेलं पुस्तक पुन्हा फिरायला लागलं की वाचनालयही जगतं.

यादीबद्दल माझी सूचना: पुस्तकं सुटी घेऊ नका, जोडीने घ्या. एकाच प्रदेशाकडे दोन वेगळ्या घरांतून बघणारी दोन पुस्तकं, लागोपाठच्या दोन महिन्यांत. पेंडशांच्या खोतांच्या वाड्यानंतर हमीद दलवाईंची 'इंधन' वाचा. दलवाई आमच्या चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. 'इंधन' १९६५ ची. निवेदक मुसलमान, बऱ्याच वर्षांनी गावी परतलेला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत गावातले जुने संबंध ताणत जातात. खोत, कूळ, बामण, कुळवाडी, बौद्ध, मुसलमान सगळे त्यात आहेत आणि कुणालाही सूट दिलेली नाही, निवेदकालासुद्धा नाही. लोकांना दलवाई म्हटलं की समाजसुधारणेसाठी त्यांनी काढलेलं मुस्लिम सत्यशोधक मंडळ आठवतं, कादंबरीकार आठवत नाही. ही मोठी हानी आहे.

चाकरमानी_दादर
जोडीची कल्पना झकास. अनुमोदन.

हर्णै_बंदर
मला एक विचारायचंय. या याद्यांत समुद्र कुठे आहे? आमच्या घरात मासेमारी. मी शाळेत शिकवते. कोकणच्या कादंबरीत वाडा असतो, पोफळीची बाग असते, खाडी असते, तरीत बसून पलीकडे जाणारी माणसं असतात. पण होडी लोटताना छातीपर्यंत पाण्यात उभा असलेला माणूस, पहाटे लिलावात पाट्यांसमोर बसून भाव करणारी बाई, ही मला क्वचित भेटली. किनाऱ्यावर राहून लेखकांनी समुद्राकडे पाठ का केली?

उलटा_वारा
कारण लिहिणारे कोण होते ते बघा. पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये नोकरीला. जयवंत दळवी वेंगुर्ल्याच्या आरवलीचे, नोकरी मुंबईत. 'कोंडुरा' लिहिणाऱ्या खानोलकरांनी कुडाळला खानावळ चालवली आणि शेवटी मुंबईच गाठली. कोकणाच्या कितीतरी कादंबऱ्या मुंबईत बसून, गावच्या आठवणीने लिहिल्या गेल्या. जे घर सुटलं तेच आठवणार. समुद्रावर जाणाऱ्याचं घर सुटलं नाही, आणि त्याला टेबलाशी बसायला वेळही नव्हता.

हर्णै_बंदर
हे बरोबर वाटतं. मग परीक्षणात तेही यायला हवं. पुस्तकात काय आहे ते सगळेच लिहितात. पुस्तकात कोण नाही, तेही तिथे राहणाऱ्या माणसाने लिहावं.

कातळशिल्प
थांबा, थांबा. हर्णै_बंदर, तुमचा मुद्दा मला कळतो, पण ही कादंबरी आहे, जनगणना नव्हे. 'गारंबीचा बापू' १९५२ ची. बापू आणि राधा ही दोन माणसं पेंडशांनी अशी उभी केली की आजही आमच्याकडे कुणी गावाच्या विरोधात ताठ उभा राहिला की त्याला बापू म्हणतात. हे लेखकाचं यश आहे. कोण नाही याचा हिशोब मांडत बसलो तर जो आहे तो वाचायचा राहील. साहित्य साहित्य म्हणून वाचा.

सातवं_कपाट
कातळशिल्प, दोन्ही एकाच वेळी होतं हो. बापूवर प्रेम करावं आणि गारंबीत पाणी भरणारी बाई कोण तेही विचारावं. त्याने बापू लहान होत नाही.

मांडवी_जेटी
वाद वाचत होते. नुसतं बोलण्यापेक्षा नमुना म्हणून एक जोडी लिहून बघते. आव्हान सुरू व्हायच्या आधीच चालेल ना?

'तुंबाडचे खोत' (श्री. ना. पेंडसे, १९८७) आणि 'आयदान' (उर्मिला पवारांचं आत्मकथन, २००३).

पेंडशांचं पुस्तक आधी. खेडजवळची जगबुडी, काठावर तुंबाड, आणि एका खोत घराण्याचा उदय, माज, वैभव, पडझड. पेंडशांची ताकद मला माणसांच्या बोलण्यात दिसते. एखादा खोत आत येऊन नुसता "काय रे?" म्हणतो आणि त्याची सगळी रग कळते. घरातल्या बायका फार बोलत नाहीत, पण निर्णय त्यांच्या भोवती फिरतात. दुसऱ्या खंडात गती थोडी मंदावते. स्वातंत्र्याच्या चळवळीचे भाग मला लांबलेले वाटले. तरी घराणं आतून कसं पोखरतं ते इतक्या बारकाईने मराठीत फार कमी ठिकाणी आहे.

पण खोत म्हणजे नेमकं काय, हे आपल्या पिढीला माहीत नसतं आणि कादंबरी ते बरंचसं गृहीत धरते. खोताने गावचा सारा गोळा करायचा, सरकारात भरायचा आणि मधला हिस्सा आपला. कुळाने पीक द्यायचं, वर वेठही करायची. याविरुद्ध अलिबागजवळ चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी १९३३ साली संप पुकारला, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली, आणि १९३९ पर्यंत जमिनी कसल्या नाहीत. सहा वर्षं! त्या घरांत चुली कशा पेटल्या असतील? डॉ. आंबेडकरांनी १९३७ च्या सप्टेंबरात मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कायदा झाला १९४९ साली. हे डोक्यात ठेवून तुंबाडचा वाडा पुन्हा बघा. वाड्याच्या प्रत्येक चिऱ्याला दुसरी बाजू आहे.

ती बाजू 'आयदान'मध्ये आहे. सुरुवातच बघा: वाडीतल्या बायका डोक्यावर ओझी घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला निघाल्या आहेत. लाकडं, गवत, तांदूळ, बांबू, आंबे. डोंगर चढायचा, उतरायचा, परत चढायचा. लेखिका फणसवळ्याची. आई बांबूच्या पट्ट्यांची आयदानं विणायची आणि त्यावर घर चालायचं. हे वाचताना मी पुस्तक मिटून खिडकीशी गेले. कारण तो डोंगर मला दिसतो. त्यावरून मी गाडीने जाते, आणि आजवर मला तो फक्त हिरवा दिसत होता.

'आयदान'मध्ये हुंदके काढलेले नाहीत. बायका वाटेत हसतात, एकमेकींच्या खोड्या काढतात, शिव्या देतात, अंगावरचं दुःखही त्याच तोंडाने सांगतात. पुढे लेखिका मुंबईला येते, शिकते, स्त्रियांच्या चळवळीत जाते, आणि तिथेही आपली जात आपल्याबरोबर आली आहे हे तिला दिसतं. घरातल्या नवऱ्याबद्दलही ती तितक्याच सरळ लिहिते. शेवटचा भाग थोडा घाईचा वाटला, चळवळीतल्या माणसांची नावं भराभर येतात आणि चेहरे नीट दिसत नाहीत. पण पहिली शंभर पानं कुणाही कोकणी माणसाने वाचल्याशिवाय राहू नयेत.

जोडीने वाचल्याचा फायदा मला असा झाला की 'तुंबाडचे खोत' मला आता आधीपेक्षा जास्त मोठी कादंबरी वाटते. पेंडशांनी जे दाखवलं ते खोटं नव्हतं. ते वाड्याच्या आतून दाखवलं होतं.

कातळशिल्प
मांडवी_जेटी, पोटभर परीक्षण. स्वातंत्र्यचळवळीच्या भागाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. तो लांबलेला नाही. खोतांच्या घरातला मुलगा खोतपणाच्या बाहेर कसा पडतो हे दाखवायला तेवढी लांबी लागतेच. बाकी मान्य. 'आयदान' आज वाचनालयातून आणतो.

पावशेर_कोलीम
पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा), मांडवी_जेटी ताई. चरीच्या संपाबद्दल आमच्याकडे अजून म्हातारी माणसं बोलतात. अलिबागकरांनी ती आठवण लिहून काढायला हवी, हे आव्हानाच्या बाहेरचं काम, पण करायला हवं.

शिरोड्याचो
अवांतर इचारतंय. पुस्तका पावसात कशी सांबाळतास? माझ्या 'कोंडुरा'च्या पुठ्ठ्याक जून म्हयन्यात बुरशी धरता. हयलो दमटपणा तुमका म्हायतच आसा.

सातवं_कपाट
अवांतर नाही, आमच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नका, चार बोटं जागा सोडा. बाहेरच्या भिंतीला तर मुळीच नको, तिला पावसात ओल येते. पुस्तकं दाटीवाटीने कोंबू नका, हवा खेळली पाहिजे. कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि वेखंडाचे तुकडे ठेवले तर कसर कमी लागते. पाला ओलसर राहिला तर मात्र उलटंच होतं. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका. उघडीप मिळाली की सावलीत, वाऱ्यावर पुस्तक उभं करून पानं मोकळी करा आणि वाळल्यावर मऊ ब्रशने घराबाहेर झाडा. कडक उन्हात ठेवलं तर पानं पिवळी पडून तुटतात.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा वाचनालयातही आलं. २००५ नंतर पुन्हा तेच. चिखलातून काढलेलं पुस्तक हातात घेतलं की ते दुप्पट जड लागतं. साधा कागद असेल तर पानांच्या मधे कोरे कागद घालून, ते बदलत राहून पुस्तक वाचवता येतं. गुळगुळीत कागदाचं असेल तर पानं एकमेकांना अशी धरतात की सोडवताना छपाईच निघून येते. जुन्या शिक्क्यांची शाई सगळीकडे पसरते. त्यात अशी पुस्तकं असतात की ज्यांची दुसरी प्रत सहजी मिळत नाही. म्हणून सांगते, जे पुस्तक वाचाल त्याच्यावर लिहा. पुस्तक गेलं तरी त्यात काय होतं ते कुठेतरी राहील.

हापूस_नि_पायरी
ताई, हे वाचून मी आंबे संपेपर्यंत थांबत नाही. जानेवारीपासूनच धरा मला.

वाटसरू_पेण
माझी जोडी सुचवतो: कोकण सोडून पायी निघालेली दोन माणसं. आमच्या पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दानदक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीच्या वेढ्यात ते आत होते. 'माझा प्रवास' छापलं गेलं १९०७ साली. घराचं कर्ज फेडायला निघालेला गरीब भिक्षुक इतिहासाच्या मधोमध उभा राहतो आणि लूट, आग, भूक, सगळं जसं दिसलं तसं सांगतो. कुठेही वीरश्रीचा आव नाही.

दुसरं, कर्व्यांचं 'आत्मवृत्त', १९१५ चं. परीक्षेला बसायला मुरूडहून साताऱ्यापर्यंत घाट चढून पायी गेलेला मुलगा, आणि तिथे वय लहान दिसतं म्हणून परीक्षेलाच बसू दिलं नाही. हे ते इतक्या कोरड्या शब्दांत सांगतात की वाचणाऱ्यालाच राग येतो. दोन्ही पुस्तकं भाषेने जुनी, पण पाच-दहा पानांत कान बसतो.

कृष्णाकाठी_माहेर
ही जोडी मला द्या. घाट चढून येणारी माणसं आमच्याच बाजूला उतरत होती की!

उलटा_वारा
'कोंडुरा' मी घेईन. बारा वाचणार नाही, हे आधीच सांगतो. पण एक घेईन आणि नीट लिहीन. वेंगुर्ल्याजवळच्या त्या किनाऱ्यावर, खडकांच्या घळीत लाट शिरते तो आवाज ऐकला की खानोलकरांना ती श्रद्धा आणि ती भीती कुठून मिळाली असेल ते कळतं. हर्णै_बंदर, तुम्ही विचारलेला समुद्र थोडासा इथे आहे. माणूस त्यावर पोट भरत नाही, त्याला घाबरतो. तेवढंच.

हर्णै_बंदर
मग मीही तेच वाचते. तुम्ही वेंगुर्ल्याकडून लिहा, मी हर्णैकडून लिहिते. आणि माझ्या आईला त्यातली काही पानं वाचून दाखवणार आहे. तिचं म्हणणं परीक्षणात घातलं तर चालेल का?

खाडीकाठची
चालेल म्हणजे? तेच तर हवंय!

बरं, आता मूळ प्रश्नाकडे येते. यादी जोड्यांची. जानेवारी-फेब्रुवारी पेंडसे आणि उर्मिला पवार. मांडवी_जेटींचं झालं आहे, पण बाकीच्यांनी वाचून त्यांच्याशी सहमत व्हा किंवा भांडा. मार्चमध्ये 'इंधन', तिच्या जोडीला एप्रिलमध्ये 'गारंबीचा बापू', म्हणजे आंबेवाल्यांना जड जायला नको. मे-जून गोडसे भटजी आणि कर्वे. जुलैत 'कोंडुरा', पावसात वाचायलाच हवी अशी. ऑगस्टला गो. नी. दांडेकरांची 'पडघवली', अंबावहिनीच्या तोंडून आलेली, उजाड होत चाललेल्या गावाची. सप्टेंबरात गणपतीची सुट्टी. 'पडघवली'समोर ऑक्टोबरला दळवींचं 'सारे प्रवासी घडीचे', १९६४ चं. गाव तसंच रिकामं होतंय, पण इथे हसू येतं आणि हसता हसता माणूस गेलेला असतो. शेवटी प्रवीण बांदेकर. 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या'ला २०२२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ती नोव्हेंबर-डिसेंबर दोन्ही महिने वाचू. बांदेकर सावंतवाडीत राहून लिहितात. गाव न सोडता लिहिलेलं कसं दिसतं तेही उलटा_वारांच्या मुद्द्यासाठी तपासता येईल.

मोजले तर दहाच भरतात. मोकळ्या दोन जागा हर्णै_बंदर भरणार. समुद्रावरचं, मासेमारीवरचं जे मिळेल ते तुम्ही शोधा, कथासंग्रह, आत्मकथन, काहीही. सापडलं नाही तर तसं लिहा.

परीक्षणाबद्दल माझं ठरलं: गोष्ट सगळी सांगायची नाही, शेवट फोडायचा नाही. काय आवडलं ते पुस्तकातली जागा दाखवून सांगायचं. काय खटकलं तेही तसंच. आणि आपण त्या गावचे असू तर आपल्याला तिथे काय दिसतं तेही लिहायचं.

शिरोड्याचो
परीक्षण मालवणीत लिवलंला चलात काय?

खाडीकाठची
चलात! संगमेश्वरीत, आगरीतही लिहा.

सातवं_कपाट
आमच्याकडे 'इंधन'ची एकच प्रत आहे, सध्या आत आहे. मार्चसाठी कुणाकुणाला हवी ते आत्ताच सांगा, म्हणजे क्रम लावते. पंधरा दिवसांच्या वर ठेवायची नाही.

कातळशिल्प
मला. पहिला नंबर माझा.

हापूस_नि_पायरी
दुसरा माझा. एस. टी.ने येऊन घेऊन जाईन.